करड्या कफन्यांच्या मागावर

इंग्लंडला जाऊन लोक राजवाडा बघतात, लॉर्ड्स बघतात, फार तर स्टोनहेंजपर्यंत जातात. मला फ्रायरांच्या पडक्या भिंती बघायच्या आहेत म्हटल्यावर लंडनची भाची, गौरी, फोनवर क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "मावशी, तू ये तर. बघू."

फ्रायर म्हणजे मठाचं दार लावून आत बसणारे संन्यासी नव्हेत. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यासारखे हे गावातच राहायचे, दारोदार फिरायचे, चौकात उभं राहून प्रवचन करायचे आणि लोक देतील त्यावर पोट भरायचे. फ्रान्सिस्कनांची कफनी करडी म्हणून ते ग्रेफ्रायर्स, डॉमिनिकनांचा वरचा झगा काळा म्हणून ब्लॅकफ्रायर्स, कार्मेलाइटांचा पांढरा म्हणून व्हाइटफ्रायर्स. १२२०च्या दशकापासून ते इंग्लंडभर पसरले आणि १५३८ साली आठव्या हेन्रीने त्यांचा गाशा गुंडाळला. मधल्या तीनशे वर्षांत त्यांनी जे बांधलं त्यातलं फारच थोडं उभं आहे.

मला यांचा नाद लागला तो ठाण्यामुळे. १३२१च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन आमच्या ठाण्यात मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. होर्मुझहून निघाले होते कोल्लमला, जहाज लागलं ठाण्याला. उतरले नेस्टोरियन पंथाच्या एका ख्रिस्ती कुटुंबात. त्या घरात नवराबायकोचं वाजलं, नवऱ्याने हात उगारला, बायको काझीकडे गेली. साक्षीला म्हणून घरच्या पाहुण्यांना बोलावणं आलं, आणि साक्ष राहिली बाजूला, धर्मावरच वाद पेटला. तो त्यांच्या जिवावर बेतला. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन नावाचा डॉमिनिकन तेव्हा बाहेरगावी असल्याने वाचला. त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे थोड्याच काळात ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन आला आणि अस्थी उकरून थेट चीनपर्यंत बरोबर घेऊन गेला. ठाण्यात आज या सगळ्याची दगडात उरलेली खूण दाखवता येणार नाही. या लोकांची राहती घरं कशी असायची, हे तरी बघावं असं फार दिवस मनात होतं. चौघांत इंग्रज कोणी नव्हता हे खरं, पण भाची इंग्लंडात राहते, त्यामुळे देश ठरलेलाच होता.

हा सगळा २०१९च्या सप्टेंबरातला प्रवास.

शुक्रवार, लंडन

फ्लीट स्ट्रीट हा एके काळचा वर्तमानपत्रांचा रस्ता. त्यावरून बूव्हरी स्ट्रीटला वळलं की पुढे मॅगपाय ॲली नावाची बोळ लागते. बोळीतल्या भिंतीवर पांढऱ्या फरश्या बसवून छपाईचा इतिहास मांडलाय, तो बघण्यात चांगला वेळ जातो. आम्हाला मात्र भिंत नव्हे, कठड्यापलीकडचं बघायचं होतं. वाकून पाहिलं तर खाली ऑफिसच्या तळघराच्या पातळीला, काचेआड, एक बुटकी दगडी खोली. कमानदार छत, मळकट पांढरा दगड, आत काहीही नाही.

लंडनच्या कार्मेलाइट मठाचं जमिनीवर दिसेल असं एवढंच उरलं आहे. खोली चौदाव्या शतकातली. मठ बंद झाल्यावर वरच्या इमारती गेल्या, त्यावर घरं आली, घरांवर घरं आली आणि ही खोली खाली दबून राहिली. लोक तिच्यात कोळसा भरत. १८९५ साली कोणाच्या तरी लक्षात आलं की आपलं कोळशाचं तळघर जरा जास्तच जुनं आहे. १९८०च्या दशकात वर्तमानपत्रांची बिऱ्हाडं इथून हलली, मोठं ऑफिस बांधायचं ठरलं आणि ही खोली नेमकी मधे आली. तेव्हा तिच्याखाली काँक्रीटचा तराफा घालून ती अख्खी उचलली आणि बाजूला सरकवली. म्हणजे आपण बघतो ते खरं आहे, पण जिथे बघतो ती तिची मूळ जागा नव्हे.

आम्ही कठड्यावर ओणव्या होऊन बराच वेळ फोटो काढत होतो. शेवटी इमारतीचा पहारेकरी येऊन विचारून गेला, खाली काही पडलंय का?

संध्याकाळी सेंट पॉल्सजवळच्या ग्रेफ्रायर्सच्या बागेत गेलो. इथे फ्रान्सिस्कनांचं चर्च होतं ते ३०० फूट लांब. राण्या इथे पुरल्या जात; पहिल्या एडवर्डची मार्गारेट आणि दुसऱ्या एडवर्डची इझाबेला, दोघी इथेच. ज्यांनी कशालाही आपलं म्हणायचं नाही अशी शपथ घेतली, त्यांच्या अंगणात जागा मिळावी म्हणून श्रीमंतांची रांग लागायची. गरिबांच्या शेजारी पुरलं की पुढचा हिशेब सोपा होतो, अशी समजूत. त्या चर्चचं काहीच राहिलं नाही. त्याच जागेवर वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने नवं चर्च बांधलं, तेही २९ डिसेंबर १९४०च्या बाँबफेकीत जळालं. आता त्या चर्चच्या भिंतींमध्ये गुलाब लावलेत आणि खांब होते तिथे लाकडी मनोरे उभे करून वेल चढवलेत. बाकांवर ऑफिसातली माणसं सँडविच खात बसली होती.

शनिवार, कँटरबरी

सेंट पँक्रसहून जलद गाडीने तासाभराच्या आत कँटरबरी वेस्ट. गावात शिरलं की सगळी गर्दी कथीड्रलच्या दिशेने वाहत असते. आम्हीही वाहिलो, आर्चबिशप थॉमस बेकेटला जिथे मारलं ती जागा पाहिली, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. दुपारी स्टूर स्ट्रीटला आलो तेव्हा रस्त्यावर आम्ही दोघी आणि एक मांजर.

१० सप्टेंबर १२२४ रोजी नऊ फ्रान्सिस्कन डोव्हरला उतरले. प्रमुख होता पिसाचा अन्येलो. पैसे तर कोणाकडेच नव्हते; नॉर्मंडीतल्या फेकाँच्या मठाने त्यांना फुकट खाडी ओलांडून दिली. कँटरबरीत पाच जण राहिले, चौघे पुढे लंडनला गेले. या पाचांचे सुरुवातीचे दिवस त्यांच्याच पंथातल्या एकलस्टनच्या थॉमसने लिहून ठेवलेत, आणि तो मजकूर वाचताना हसूही येतं. गरीब पाद्र्यांच्या धर्मशाळेत काही दिवस काढल्यावर त्यांना एका शाळेखालची लहानशी खोली मिळाली. दिवसभर ते आत दार लावून बसत. संध्याकाळी पोरं घरी गेली की वर वर्गात जाऊन शेकोटी पेटवत. बिअरचा तळाशी राहिलेला गाळ भांड्यात घालून विस्तवावर ठेवत, एकच पेला फिरवत, आणि प्यायची पाळी येईल त्याने काहीतरी चांगलं बोलायचं असा नेम. गाळ फार दाट झाला तर त्यात पाणी घालत.

पुढे धर्मशाळेचा प्रमुख अलेक्झांडर याने त्यांना जमीन दिली, छोटं चॅपल बांधून दिलं. पण यांचा नियम असा की नावावर काही घ्यायचं नाही. मग तोड काढली गेली. मालकी कँटरबरीच्या नागरिकांची, वापर फ्रायरांचा. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीने ही कागदपत्रं बघून डोक्याला हात लावला असता. श्रूजबरीला तर एका नागरिकाने यांच्या निजायच्या खोलीला दगडी भिंती घातल्या होत्या. वरिष्ठांनी त्या पाडायला लावून मातीच्या घालायला लावल्या. सुरुवातीच्या काळातलं आज काही का सापडत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. टिकेल असं बांधायचंच नव्हतं.

आपण आज बघतो ती इमारत त्याच्या थोडी पुढची. १२६७ साली जॉन डिग्ज नावाच्या नागरिकाने स्टूर नदीतलं बिनेविथ बेट विकत घेऊन त्यांना दिलं, आणि ते तिथे हलले. बेट म्हणजे नदीच्या दोन फाट्यांमधली सखल जमीन. बागेतून चालत गेलो, सफरचंदाची झाडं मागे टाकली, आणि एकदम समोर ती. इमारत कसली, दुमजली घरच. पण नदीच्या काठावर नाही, नदीवर. पाण्यात मधोमध खांब रोवलेत, त्यांवर दोन टोकदार कमानी, आणि त्यांवर घर. खालून स्टूर निवांत वाहते. पाणी इतकं स्वच्छ की तळातलं लांब हिरवं शेवाळ प्रवाहाच्या दिशेने विंचरल्यासारखं दिसतं. भिंतीत जो सापडेल तो दगड भरलाय: गारगोट्या, फिकट चुनखडी, मधेच विटांची डागडुजी. गारगोटी बाहेरून पांढुरकी असते, फोडलेली बाजू मात्र काळी आणि काचेसारखी. ओल्या हाताने पुसली तर आपला चेहरा दिसेल असं वाटलं, दिसला नाही.

मुख्य चर्च कधीच गेलं. मठाच्या सगळ्या इमारतींतली ही एकच उरली. लोक हिला सरसकट ग्रेफ्रायर्स चॅपल म्हणतात, ते वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीमुळे. अरुंद जिन्याने वर गेलो. पांढऱ्या भिंती, लाकडी तुळया, साधं टेबल तीच वेदी, मोजक्या खुर्च्या. रंगीत काच नाही, पुतळ्यांची गर्दी नाही. गौरी म्हणाली, "मावशी, एवढंच?" एवढंच. पण ज्यांनी दगडी भिंती पाडून मातीच्या घातल्या त्यांना हीसुद्धा खोली जरा भपकेबाज वाटली असती.

तिथे बसलेल्या आजीबाई रोज दुपारी दोन तास येतात, पुस्तिका विकतात, कोणी विचारलं तर सांगतात. त्यांनी खालची एक जाड लाकडी दारं असलेली जागा दाखवली. मधल्या काळात ही इमारत तुरुंग म्हणूनही वापरली गेली. शिवाय मठ मोडल्यावर ती खाजगी घर होती, लोक राहत होते, म्हणून छप्पर शाकारलं जात राहिलं. नदीवरचं घर कोणाला नको असतं? पुढे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच संत फ्रान्सिसच्या वाटेने जाणारे बंधू तयार झाले, ते कँटरबरीत राहायला आले आणि वरच्या खोलीत पुन्हा प्रार्थना होऊ लागली. बुधवारी या, म्हणाल्या. आमचा शनिवार होता.

शेवट कसा झाला तेही त्यांनीच काढलं. १५३४ साली इथला प्रमुख रिचर्ड रिझबी लंडनला टायबर्नवर फासावर गेला. केंटमधली एलिझाबेथ बार्टन नावाची एक बाई राजाच्या ॲन बुलिनशी झालेल्या लग्नाविरुद्ध भविष्यं सांगत होती, तिला साथ दिल्याचा ठपका. चार वर्षांनी, १५३८च्या डिसेंबरात, उरलेल्यांना बाहेर काढायला राजाचा माणूस आला. त्याचं नाव रिचर्ड इंगवर्थ. तो स्वतः आधी डॉमिनिकन फ्रायर होता, मग बिशप झाला, आणि देशभरचे फ्रायरांचे मठ बंद करायचं काम त्याच्याकडे आलं. आता गंमत बघा. १२२४ साली डोव्हरला उतरलेल्या नऊ जणांत, लंडनला गेलेल्या चौघांचा म्होरक्या होता रिचर्ड ऑफ इंगवर्थ. उघडणारा आणि बंद करणारा, दोघांचं नाव एकच. कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

दुसऱ्या इंगवर्थने वरिष्ठांना पाठवलेली पत्रं आहेत. त्यात त्याची तक्रार अशी की या मठांमध्ये जप्त करण्यासारखं काही सापडतच नाही.

परतताना गावातल्या व्हाइटफ्रायर्समध्ये गेलो. नाव तेच असलं तरी इथे कार्मेलाइट नव्हे, ऑगस्टिनियन फ्रायर राहत. आता ते शॉपिंग सेंटर आहे, आणि मठातून उरलेली गोष्ट म्हणजे बाहेरच्या पाटीवरचं नाव. गौरीने तिथे मोजे घेतले. नदीकाठी थोडं पुढे ब्लॅकफ्रायर्सचं भोजनगृह शाबूत आहे, बाहेरूनच पाहिलं.

रविवार, नॉरिच

रविवारी इंग्लंडात रेल्वेने जाऊ नये हा धडा जुना आहे. रुळांचं काम निघालं होतं, मधला तुकडा बसने, मग पुन्हा गाडी. दोन तासांच्या प्रवासाला चार लागले. नॉरिचला पोचलो तेव्हा भूक आणि चिडचिड दोन्ही टिपेला.

पण नॉरिचचं ब्लॅकफ्रायर्स बघितल्यावर राग गेला. इंग्लंडातला सगळ्यात अखंड उरलेला फ्रायरांचा मठ हाच. डॉमिनिकन इथे आले १२२६ साली, आजच्या जागी आले १३०७ मध्ये. त्याआधी ही जागा दुसऱ्याच एका लहान पंथाची होती. त्यांचे कपडे गोणपाटासारखे, म्हणून त्यांना सॅक फ्रायर म्हणत. पोपने १२७४ साली त्या पंथाला नवे शिष्य घ्यायला मनाई केली, म्हातारे एकेक करून गेले आणि जागा रिकामी झाली. १४१३च्या आगीत मठ जळाला, आणि आजचं चर्च त्यानंतरचं, पंधराव्या शतकातलं.

एवढं मोठं चर्च हेन्रीच्या तावडीतून वाचलं कसं? ऑगस्टीन स्टुअर्ड नावाच्या नगरसेवकाने राजाकडे जाऊन सांगितलं की शहराला सभेला जागा नाही, ही आम्हाला द्या. राजा म्हणाला, घ्या, पण पैसे टाकून. वास्तूचे ८१ पौंड. आणि छपरावरच्या शिशाचे वेगळे १५२ पौंड. हा आकडा पुन्हा वाचा. चर्चपेक्षा त्याच्या छपराचं शिसं जवळपास दुप्पट महाग होतं. म्हणूनच बाकी सगळीकडे पहिली धाड छपरावर पडली: शिसं उतरवा, वितळवा, विका. छप्पर गेलं की इंग्लंडचा पाऊस आपलं काम करतोच. नॉरिचकरांनी शिसं विकत घेतलं म्हणून भिंती राहिल्या.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. खांब उंच आणि सडपातळ, वर लाकडी छप्पर, आणि पूर्ण मोकळा मंडप. फ्रायरांचं चर्च हे मुळात प्रवचनाचं सभागृह. हजारभर लोकांना उभं राहून ऐकू आलं पाहिजे, मधे अडथळा नको. नगरपालिकेला तेच तर हवं होतं. समोरचा भाग आज सेंट अँड्र्यूज हॉल, वेदीकडचा भाग ब्लॅकफ्रायर्स हॉल. पाचशे वर्षांत इथे काय काय नाही झालं! धान्याचं कोठार, टांकसाळ, गरिबांना कामाला लावायचं घर, हॉलंडहून आलेल्या विणकरांचं चर्च. दोन भागांच्या मधला मनोरा १७१२ साली कोसळला, तो परत बांधला नाही. दक्षिणेच्या दारावर पास्टन घराण्याची चिन्हं कोरलीत. त्यावर शेकडो हातांनी घासून लाकूड तेलकट काळं झालंय.

भिंतींवर महापौरांची मोठमोठी तैलचित्रं. ती मला अगदीच नकोशी वाटली, पण भाडेकरूने स्वतःची चित्रं लावली तर मालक काय बोलणार, आणि इथे तर भाडेकरूच मालक. दर ऑक्टोबरात इथे बिअरचा महोत्सव भरतो. महिन्याभरावर आला होता, भिंतीला टेकवून पिंपांच्या लोखंडी घोड्या ठेवल्या होत्या. कँटरबरीच्या त्या पाचांना गाळ न घालता मिळाली असती.

सोमवार, डनिच

डनिचला ना रेल्वे जाते ना धड बस. गौरीने नॉरिचहून गाडी भाड्याने घेतली आणि सफकच्या अरुंद रस्त्यांवरून, समोरून ट्रॅक्टर आला की कुंपणात घुसत, आम्ही समुद्रावर पोचलो.

डनिच हे मध्ययुगातलं मोठं बंदर. आता चार घरं, एक पब, एक छोटं म्युझियम. गाव समुद्राने खाल्लं. १२८६-८७च्या हिवाळ्यातली वादळं, मग १३२८चं वादळ, ज्याने बंदराचं तोंडच बुजवलं. नंतर वर्षाला थोडा थोडा कडा ढासळत राहिला. तरी हे गाव १८३२पर्यंत पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं. मतदार कमी आणि मासे जास्त, असं गौरीचं म्हणणं.

फ्रान्सिस्कनांचा पहिला मठ रिचर्ड फिट्झजॉन आणि त्याची बायको ॲलिस यांनी १२७७च्या आधी वसवला. समुद्र अंगावर यायला लागला तेव्हा १२९० साली तो आत, उंचावर हलवला. तोच बघायला आलो होतो. आता हाही कड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

इथे चर्चचा मागमूसही नाही. आहे ती चारी बाजूंची कुंपणभिंत, पश्चिमेला दोन दारं, आणि मधे शेतात भोजनगृहाकडच्या बाजूचा एक उंच तुकडा. दारं शेजारी शेजारी, एक मोठं आणि एक लहान, दोन्हींवर टोकदार कमानी. लहान दारातून आत गेलो. आत नुसतं गवत. वारा इतका की बोलायचं तर ओरडून. भिंतीजवळ गेलं की कळतं, समुद्रकाठच्या गोट्याच चुन्यात रोवत रोवत भिंत चढवलीय. मुठीएवढ्या, अंड्याएवढ्या, करड्या, तपकिरी. काही गळून पडल्यात आणि त्यांचे चुन्यातले साचे तसेच उरलेत, गुळगुळीत खळगे. एका खळग्यात अंगठा घातला, बरोबर बसला.

उभा तुकडा का वाचला? कारण मठ बंद झाल्यावर त्यात कोणी राहायला आलं, पुढे गावाचं सभागृह झालं, तुरुंगही झाला. चर्चचा उपयोग नव्हता, त्याचे दगड गाड्या भरभरून गेले. लंडनला कोळसा, कँटरबरीला घर, नॉरिचला सभागृह आणि इथे तुरुंग. चारही ठिकाणी जे कोणाच्या तरी गरजेला पडलं तेच टिकलं, पवित्र म्हणून कोणी काही राखलं नाही.

गौरीला मी तिथेच मंडपेश्वरबद्दल सांगितलं. बोरिवलीजवळची ती शैव गुंफा फ्रान्सिस्कन पाद्री अँतोनिओ दो पोर्तोने सोळाव्या शतकात चर्च करून टाकली; भिंतीतल्या शिल्पावर कोरलेला क्रूस अजून दिसतो. गुंफेच्या डोक्यावर त्यांनी बांधलेल्या इमारतीचं खिंडार आहे आणि खाली शंकराची पूजा परत सुरू झालीय. इथे समुद्राने गिळलं, तिथे गुंफेने पचवलं. गौरी लहानपणी बोरिवलीलाच राहायची. तिला गुंफा आठवत होती ती समोरच्या मैदानातल्या क्रिकेटमुळे.

पायवाटेने कड्याकडे गेलो. वाटेत ऑल सेंट्स चर्चची जागा, म्हणजे आता हवा. ते चर्च १९०४ ते १९१९ या काळात तुकड्या तुकड्याने कड्यावरून खाली गेलं. त्याच्या स्मशानातला शेवटचा उभा दगड कड्याच्या अगदी कडेला, झुडपात. पुढे जाऊ नका अशी पाटी होती, आणि गेलो नाही. खाली किनाऱ्यावर चहाचं मोठं दुकान आहे. तिथले बटाट्याचे काप जाड आणि उत्तम.

मंगळवार, किंग्ज लिन

गाडी आदल्या रात्रीच परत केली होती. नॉरिचहून किंग्ज लिनला दुमजली बस, वरच्या मजल्याची पुढची सीट मिळाली. नॉर्फक सपाट आहे हे ऐकून होते. दर दोन मैलांवर एक चर्चचा मनोरा, मधे बीटरूटची शेतं.

लिनमध्ये बसस्थानकापासून चालत काही मिनिटांत ग्रेफ्रायर्सची बाग. तिच्या मधोमध ९३ फूट उंच मनोरा, एकटा. आजूबाजूचं चर्च नाही, मठ नाही, काही नाही. खाली एकच उंच अरुंद कमान, जिच्यातून एके काळी लोकांच्या मंडपातून फ्रायरांच्या गायनाच्या जागेकडे जात. आता कुत्र्यांना फिरवणारे जातात. वर मनोरा निमुळता होतो आणि भिंतींना लांबट खिडक्या पडतात, त्यातून आभाळ आरपार दिसतं. आणि तो कलला आहे. शेजारच्या दिव्याच्या खांबाशी ताडून पाहिलं की शंका राहत नाही.

इंग्लंडात फ्रान्सिस्कन चर्चचे मनोरे उरलेत तीनच. बाकीचे दोन कॉव्हेंट्री आणि यॉर्कशरमधल्या रिचमंडला. त्यांत हा सगळ्यात देखणा, असं जाणकार म्हणतात; मी दुसरे दोन पाहिलेले नाहीत, पण वाद घालायची इच्छा झाली नाही. पंधराव्या शतकातलं काम. चर्च पाडलं आणि मनोरा ठेवला, कारण वॉशच्या उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेल्या खाडीतून बंदरात शिरणाऱ्या खलाशांना तो लांबून दिसायचा. तो दिसला की गलबत कुठे वळवायचं ते कळे. दीपस्तंभाचं काम दिव्याविना.

२००३ साली बीबीसीने पडायला आलेल्या इमारतींची स्पर्धा लावली होती. लोकांनी फोन करून मत द्यायचं, जिंकेल तिला पैसे. हा मनोरा अंतिम फेरीपर्यंत गेला. जिंकलं मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स, म्हणजे एक जुनं पोहायचं तलाव-घर. पण त्या प्रसिद्धीने लिनकर जागे झाले, लॉटरीच्या निधीतून पैसे उभे राहिले आणि मनोऱ्याची डागडुजी झाली. बाकावर बसलेल्या एका गृहस्थाने सांगितलं, तेव्हा त्याने स्वतः फोन लावला होता. किती वेळा ते मात्र बायकोदेखत सांगेना.

कमानीखाली उभं राहून वर पाहिलं. आतून मनोरा पोकळ आहे, खालच्या कमानीवर वरचं बहुकोनी काम कसं बसवलंय ते तिथूनच नीट दिसतं: कोपऱ्याकोपऱ्यात एकेक तिरपा दगड पुढे काढत काढत. कबुतरं भरपूर. मान दुखेपर्यंत बघून झाल्यावर जवळच्याच बागेतलं रेड माउंट चॅपल पाहिलं, वॉल्सिंगहॅमच्या यात्रेकरूंसाठी १४८५च्या सुमारास बांधलेलं विटांचं अष्टकोनी देऊळघर. पण ते फ्रायरांचं नव्हे, आणि पाऊसही सुरू झाला होता.

किंग्ज लिनहून लंडनची गाडी थेट आहे. इथूनच सुटते, त्यामुळे खिडक्या मिळाल्या. अर्ध्या तासात ईली येतं. सपाट शेतांमधून कथीड्रल कितीतरी आधी दिसायला लागलं. बेनेडिक्टिन संन्याशांचं, श्रीमंत, छपरासकट, मनोऱ्यांसकट. गौरी काचेला नाक लावून बघत होती.

"मावशी, उतरायचं का? पुढची गाडी तासाभराने आहे."

"नको," मी म्हटलं. "ते अख्खं आहे."